तात्यांची फुली

तात्या कांबळ्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, पिवळा खडू असतो. शिरोलीच्या एका फौंड्रीत ते कास्टिंग, म्हणजे ओतलेले लोखंडी भाग, तपासतात. भेग दिसली, भोक दिसलं, की त्या जागी खडूची फुली आणि एकच शब्द, "रिजेक्ट!" तीस वर्षांत वाईट माल त्यांच्या हातून सुटला नाही आणि चांगल्या मालावर फुली पडली नाही. मालक शेजारी उभा राहून घाम पुसत असला तरी नाही.

ही खोड फौंड्रीच्या गेटात राहिली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण तात्या पडले माझे शेजारी! माझ्या नव्या स्कूटरच्या मडगार्डवर फुली. माझ्या बहिणीच्या लग्नात जिलेबी मऊ निघाली, तर ताटाशेजारी फरशीवर फुली. वरबापासमोर!

मग मालूवहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. बोटं हलती ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं. पुतण्यानं आपला जुना व्हिडिओ गेम आणून दिला आणि वहिनी मोटारींच्या शर्यतीत अशा रमल्या की विचारू नका. "सर की मुडद्या!" हे पुढच्या गाडीला उद्देशून. आमच्या भिंतीपलीकडं ऐकू यायचं. बोटं सुटायला लागली आणि नेमका त्यांचा जुना डबा टीव्ही जळाला.

मी उदार झालो. माझ्या नव्या सपाट टीव्हीला गेम जोडून दिला. बटण दाबलं की त्यावर गाडी अंमळ उशिरानं वळायची. वहिनी चारदा कठड्यावर आपटल्या. "हात परत गेला माझा," एवढंच म्हणाल्या आणि उठल्या. तात्यांनी माझ्या टीव्हीवर तिथल्या तिथं फुली मारली, पण वहिनींना काही पटलं नाही. आठ दिवस त्यांनी गेमला हात लावला नाही. बोटं पुन्हा आखडली. तात्यांना घास गिळवेना.

रविवारी मला ओढत शाहूपुरीतल्या दुकानात नेलं. पिशवीत गेम.

"पावणं, स्वस्तातला सपाट टीव्ही दावा. पर बटन दाबलं की गाडी तवाच वळाय पायजे."

"काका, चित्र बघा की! कसलं झ्याक हाय!" दुकानदार म्हणाला.

"चित्राला काय चाटू? जोडा."

पहिला टीव्ही. गाडी उशिरा. "रिजेक्ट!" दुसरा. "रिजेक्ट!" तिसऱ्यावर खडू टेकला तसा दुकानदार भडकला. "ओ! खडू आवरा, न्हायतर भाईर व्हा!" गिऱ्हाइकं जमली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तात्यांना परवडणारा आता एकच उरला होता, कोपऱ्यातला, लहानसा. तो नापास झाला तर वहिनींना काय सांगायचं? तात्यांनी तळवे शर्टाला पुसले आणि स्वतः खेळायला घेतलं. एक फेरी. दुसरी. तिसरी. गाडी कठड्याला एकदाही लागली नाही.

तात्यांनी खडू खिशात घातला. "बांधा."

घरी वहिनी नको नको म्हणतच बसल्या. गाडी सुटली. पहिलं वळण, धाडकन आपटली. दुसरं वळण, परत तेच. टीव्ही चोख होता, मी डोळ्यांनी बघितलं होतं. हातच मागं पडला होता.

"बघा. म्हनलं न्हवतं?" वहिनींचे डोळे भरले.

"आन हिकडं." तात्यांनी बटणांचं खेळणं हातात घेतलं आणि पहिल्याच वळणावर गाडी कठड्यात घातली. दुसऱ्यावरही. तिसऱ्यावरही. मी शेजारी बसून त्यांचा अंगठा बघत होतो. तो वळायच्या बटणावर नुसताच ठेवलेला होता.

मग त्यांनी खडू काढला आणि नव्याकोऱ्या टीव्हीच्या काळ्या कडेवर ही एवढी फुली मारली. "रिजेक्ट! गंडवलं दुकानदारानं. टीव्हीच उशिरा हाय. तुझा हात ओके हाय."

वहिनी फुलीकडं बघत राहिल्या. या खेपेला गाडी तात्यांच्या हातूनही आपटली होती, आणि तात्यांची फुली खोटी नसते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

"व्हय?"

"व्हय की."

"मग जरा आधीच दाबाय लागंल," वहिनी म्हणाल्या आणि त्यांच्या हातातलं खेळणं हिसकावून घेतलं.

तात्या पाणी प्यायला आत गेले. बराच वेळ येईनात म्हणून मी गेलो. तांब्या हातात तसाच भरलेला. बोटांना पिवळा खडू.

"चांगल्या मालावर मारली गा मी," ते हळूच म्हणाले.

बाहेर वहिनी ओरडल्या, "सर की मुडद्या!"