दामूअण्णांचं करकरतं घर

कोणी न सांगता दुसऱ्याच्या उपयोगी पडायला मी आयुष्यात एकदाच गेलो, आणि शेजाऱ्याने मला घराबाहेर काढलं.

झालं असं, की मी नवी सायकल घेतली होती. चालवता येत नव्हती, म्हणून रोज तिला नुसतं तेल घालत असे. एका दुपारी तेलाची कुपी खिशात टाकून शेजारी दामूअण्णांकडे गेलो. ते कचेरीतून यायचे होते. ओटीवर त्यांची आरामखुर्ची होती. ही खुर्ची नुसता वारा लागला तरी करकरायची. म्हटलं, बिचारे दमून येतील, तेवढीच शांतता. सांध्यासांध्यात तेल सोडलं आणि शाबासकीची वाट बघत बसलो.

दामूअण्णा आले, टेकले. खुर्ची गप्प. ते पुढे झुकले, मागे रेलले. गप्पच.

"तात्या, हिला काय केलंत?"

"तेल घातलं थोडं."

"कोणी सांगितलं होतं? उठा. उठा म्हणतो ना! व्हा बाहेर!"

मग कुंपणावरून बघतो तो खुर्ची अंगणात, आणि दामूअण्णा पंचा नेसून कढत पाण्याने तिला शिकेकाई चोळताहेत. दिवाळीत स्वतःच्या अंगालाही ते इतकी लावत नसत. खुर्ची वाळून पुन्हा करकरायला लागेपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

कचेरीत ते साधे कारकून. पण पंचवटीत त्यांची ओळख वेगळीच. घरातलं सगळं लाकूडसामान त्यांच्या हातचं. हरसूलकडून येणाऱ्या गाडीवानाला गाठून साग घ्यायचा आणि संध्याकाळी धोतर खोचून रंधा मारत बसायचं. येणारेजाणारे टोमणे मारत, "काय अण्णा, कचेरी सोडली वाटतं?" अण्णा मान वर करत नसत. "तुमच्यासाठी पाट करतोय. निवांत बसून शिव्या द्या."

पण वस्तू एकही धड नाही. पाट करकरे, फडताळ कण्हे, झोपाळा तर गळा काढून रडे. आम्हालाही त्यांनी एक खुर्ची दिली होती. तिच्यात मी जरा हललो की स्वयंपाकघरातून बायको म्हणे, "उठलातच आहात, तर पाणी भरा."

"अण्णा, सांधा जरा घट्ट बसवा की," असं कोणी म्हटलं की उत्तर ठरलेलं: "बोलतंय ना? बोलू दे."

मला वाटे, सुतारकी येत नाही, त्याची ही सारवासारव.

त्यांची एकुलती एक मुलगी यमू. लहानपणी तापात तिचे पाय गेले. तेव्हापासून ती आतल्या खोलीत पलंगावर पडून असे. भांडण मिटवायचं म्हणून मी तिच्यासाठी पेरू घेऊन गेलो.

"तात्याकाका, तुमचं तेल वाईट्ट आहे."

"का गं?"

"बाबा आले ते मला पावलांवरून कळलं. मग खुर्ची बोललीच नाही. मला वाटलं, तसेच परत गेले. मला न भेटता."

बाहेर काहीतरी कण्हलं. यमूने डोळे मिटले.

"फडताळ. बाबा गूळ खातायत. आईला सांगू नका हं. ती झोपाळ्यावर आहे."

मी डोकावून पाहिलं. गूळ, झोपाळा, सगळं तिने सांगितलं तसंच. त्या पलंगावरून तिला समोरची भिंत तेवढी दिसे. बाकीचं घर तिच्या बापाने तिला ऐकू येईल असं करून ठेवलं होतं.

इतक्यात तिने हातांनी रेटा देऊन कूस बदलली. पलंगाने हूं की चूं केलं नाही. तोही अण्णांच्याच हातचा.

त्या थंडीत यमूला पुन्हा ताप आला. या वेळी त्याने पायांवर भागवलं नाही.

तेरावं झाल्यावर दामूअण्णा आमच्या दारात येऊन उभे राहिले.

"तात्या, ती तेलाची कुपी आहे का हो?"

मी कोनाड्यातली कुपी काढली, तेव्हा ते म्हणाले,

"मी उठलो की खुर्ची बोलते. आणि ही हातातलं काम टाकून आतल्या खोलीकडे बघते. यमू आता काहीतरी म्हणेल म्हणून."

मी कुपी घेऊन मागोमाग गेलो. कापसाच्या बोळ्याने त्यांनी एकेक सांधा भिजवला. खुर्ची, फडताळ, शेवटी झोपाळा. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. मग अण्णा खुर्चीत बसले, मागे रेलले. कुठे काही वाजलं नाही.

"झालं," ते म्हणाले.

घरी आलो. कुपीत थोडं तेल उरलं होतं. मी आमची खुर्ची उलटी केली. बायको तांदूळ निवडत होती. मान वर न करताच म्हणाली,

"तिला नको. तुम्ही घरात आहात, एवढं तरी मला कळू दे."