दोन मुंग्या आणि निवेदिताचा ब्लाउज

माझ्या शिलाईच्या दुकानातल्या एका जागेसाठी दोन मुंग्या मुलाखतीला आल्या. एक आंबोलीच्या रानातली लाल मुंगी, दुसरी ब्राझीलच्या जंगलातली. दोघी वेळेवर आल्या.

मी आधी आंबोलीच्या मुंगीला विचारलं, "काय येतं?"

"शिवण. आम्ही पानाला पान शिवून घर करतो."

"मशीन चालवता?"

"मशीन नको. लेकरू आणलंय. त्याच्या तोंडातून धागा निघतो."

"दुकानात मुलं आणायची नाहीत, असा नियम आहे."

"मग सुई घरी ठेवून येऊ का, बाई?"

नियमात सुईविषयी काही नव्हतं. मी ब्राझीलच्या मुंगीकडे वळले.

"मी फक्त बेतते," ती म्हणाली. "पानं कापून घरी नेते. त्यांच्यावर आम्ही बुरशी वाढवतो आणि ती खातो."

"पानं नाही खात?"

"पानं कोण खातं?"

"शिळ्यावर वाढलेली दिसते," लाल मुंगी हळूच म्हणाली.

परीक्षेसाठी मी शेजारच्या निवेदिताच्या ब्लाउजचं कापड काढलं. संध्याकाळी तिचा साखरपुडा होता. ते तिच्या वारलेल्या आईच्या साडीतलं, पुन्हा मिळणार नव्हतं. निवेदिता स्टुलावर अवघडून बसली होती.

ब्राझीलवालीने खडू घेतला नाही, टेपही नाही. मागचे पाय रोवून ती गोल फिरली आणि गळा असा उतरला, की माझ्या हातून कधी उतरला नाही. सगळं कापून झाल्यावर एक बाही डोक्यावर घेऊन ती दाराकडे निघाली.

"विजूकाकू, आईची बाही चालली," निवेदिता म्हणाली.

लाल मुंगीने दाराबाहेर थांबलेल्या बहिणींना हाक मारली. त्यांनी एकमेकींच्या कमरा धरून साखळी केली, बाही ओढून आणली आणि लेकराला शिवणीवरून फिरवलं. टीप एकसारखी आली. फक्त गळा आणि बाह्यांची तोंडंही शिवून बंद झाली.

"घर उघडं कोण ठेवतं?" लाल मुंगी म्हणाली.

ब्राझीलवालीने तोंडं पुन्हा कापली आणि मजुरी म्हणून पाठीतून एक गोल काढून घेतला. मी डोळे मिटले. निवेदिता ब्लाउज घालून आरशात वळून वळून बघत राहिली.

"पाठीला खिडकी मला हवीच होती," ती म्हणाली. "आई नको म्हणायची."

जागा मी दोघींना अर्धी अर्धी दिली.

निवेदिता निघाली तेव्हा लाल मुंगी म्हणाली, "डाव्या खांद्यात लेकरू झोपलंय. हात जपून."

साखरपुड्यात अंगठीसाठी निवेदिताने उजवा हात पुढे केला.

"डावा का नाही गं?" होणाऱ्या सासूने विचारलं.

मी कारण सांगितलं. सासूबाईंनी मान हलवली.

"भटजी," त्या म्हणाल्या, "मंत्र जरा हळू म्हणा."