जगताप सरांची बिजली

जगताप सरांनी माझ्या होणाऱ्या सासूबाईंना चिमटा काढला.

खरंच काढला. आमच्या घरी, सोफ्यावर, त्यांच्या हातात चहाचा कप असताना. सर आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, आमचं दार उघडं दिसलं की आत येतात, तसे आले. "नमस्कार, केम छो" झालं आणि सरळ त्यांनी सासूबाईंच्या हाताची मागची कातडी दोन बोटांत धरून वर उचलली, सोडली आणि मोठ्यानं मोजायला लागले. "एक... दोन... बघा, खाली बसायला दोन सेकंद लागले. पाणी कमी पडतंय तुम्हाला. हिरड्या दाखवा."

हिरड्या! सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे पाहिलं. आई घाईघाईत म्हणाली, "अहो, ते घोडीला करतात ना, तसंच..." आणि मग आपण काय बोललो ते तिच्याच लक्षात आलं.

लग्न तरीही ठरलं. ते अनिकेतमुळे ठरलं, सरांमुळे नाही, हे आधीच सांगून टाकते.

तर जगताप सर. वय त्रेसष्ट, गणिताचे रिटायर्ड मास्तर, इथे गुजरातेत, अकोट्यात आमच्या सोसायटीत तिसरा मजला. काकूंना जाऊन चार वर्षं झाली. मुलगा निखिल कॅनडात. दहावीला सरांनी मला फुकट शिकवलं आणि पास केलं, त्याची परतफेड मी अजून करतेय, दर रविवारी पहाटे पाच वाजता, अ‍ॅक्टिवावर दोन बादल्या घेऊन. कारण सरांकडे एक घोडी आहे आणि तिला लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी तयार करायचंय. सरांच्या मते हे रक्तातच आहे, कारण त्यांचे पणजोबा गायकवाडी पागेत होते. होते, खरं आहे. ते खोगिरं शिवायचे.

ही शर्यत म्हणजे काय ते मला आता झोपेतसुद्धा सांगता येतं. चाळीस किलोमीटर घोडा न्यायचा. पहिलं कोण आलं त्याला फारसा अर्थ नाही. पोचल्यावर जनावरांचा डॉक्टर छातीला नळी लावतो, अर्ध्या तासात ठोके चौसष्टच्या खाली यायला हवेत. मग कातडी, हिरड्या, मग तिला दुडक्या चालीनं पळवून दाखवायचं, पाय लंगडतोय का ते बघतात. एकात जरी नापास, तरी सगळंच नापास.

मी म्हटलं, "सर, म्हणजे धावून झाल्यावर परीक्षा?"

"मग! धावता कुणालाही येतं. नंतर शांत होता येतं का, ते विचारतात."

घोडीचं नाव बिजली. आयुष्यात तिनं कधी घाई केलेली नाही. ती वरातीची घोडी होती. इक्बालभाईंनी ती विकताना हात जोडून सांगितलं होतं, "साहेब, आ घोडी लगननी छे. आने दोडता नथी आवडतुं." म्हणजे तिला पळता येत नाही! पण सरांनी तिची कातडी ओढली, हिरडी दाबली, छातीला कान लावला आणि म्हणाले, "पाया पक्का आहे."

पाया हा सरांचा शब्द. पहिले चार महिने नुसतं चालवायचं, पळवायचं नाही, म्हणजे हाडं, शिरा, खूर सगळं मजबूत होतं, तो पाया. आता जगातल्या प्रत्येक गोष्टीला तो लागतो. माझ्या पोळ्या बघून, "कणकेचा पाया कच्चा." अनिकेतबद्दल सांगितलं तर, "दोनच वर्षांची ओळख? पाया कच्चा. आधी सहा महिने नुसतं चालायला ने त्याला."

आणि हे सगळं टाइमपास म्हणून नाही. मागच्या दिवाळीत निखिल आला होता. घरात खोगीर सोफ्यावर, फ्रिजमध्ये घोडीच्या पायाला लावायची बर्फाची पाकिटं, बाबा अंगात ताप असताना पहाटे गोरव्याला, घोडीकडे निघालेले. त्याचं डोकंच फिरलं. जिन्यात ऐकू येईल इतकं मोठ्यानं भांडण झालं. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे बाबा. तिनं चाळीस किलोमीटर केले आणि डॉक्टरनं पास केलं, तर मी परत तुम्हाला कॅनडाला चला म्हणणार नाही. नाही केलं, तर फ्लॅट विकायचा, घोडी इक्बालभाईंना परत, आणि तुमचं तिकीट मी काढणार."

सर म्हणाले, "मंजूर." मग खाली येऊन मला म्हणाले, "रविवारी दोन बादल्या जास्त आण."

बिजली गोरव्याला कारखान्यांच्या मागे, ओळखीतल्या कुणाच्या तरी प्लॉटवर पत्र्याच्या शेडमध्ये राहते. सर दुपारचा डबा तिथेच खातात. "घरी जेवा ना," आई म्हणते. "तिचं खाणं बघायचं असतं," सर म्हणतात.

घोडी घेतल्यावरच्या पहिल्या रविवारी काय झालं सांगते. कालव्याकडच्या रस्त्यावर बिजली पन्नास पावलं चालली आणि थांबली. टाच मारली, हाक मारली, गूळ दाखवला. नाही. शेवटी इक्बालभाईंना फोन केला, तर ते हसायलाच लागले. "साहेब, कोई नाचे नहीं त्यां सुधी ए आगळ नहीं वधे." पुढे कुणी नाचल्याशिवाय ती हलतच नाही! बरोबरच आहे ना. तिचं अख्खं करिअर म्हणजे अर्धा किलोमीटर, तीन तासांत.

मी म्हटलं, "मग परत करा हिला."

सर खाली उतरले. इकडे तिकडे बघितलं. आणि गणिताच्या त्या कडक मास्तरांनी, ज्यांच्या तासाला आम्ही श्वास हळू घ्यायचो, त्यांनी हात वर करून गरब्याच्या दोन टाळ्या घेतल्या आणि एक गिरकी मारली. बिजली निघाली.

पुढची पन्नास पावलं. "ऋचा, आता तू."

मी हेल्मेट घालून नाचलेय, लोकहो. रस्त्यात, बादल्यांच्या मध्ये. कामगारांना घेऊन जाणारी कंपनीची बस आमच्या शेजारी हळू व्हायची आणि खिडकीतून टाळ्या पडायच्या. त्या बसमध्ये माझ्या ऑफिसचे दोघं होते, हे मला सोमवारी कळलं.

पण सरांनी ते सोडवलं, अगदी उदाहरण सोडवावं तसं. पन्नासाची साठ पावलं, साठाची ऐंशी, गिरकी गेली, एक टाळी गेली, मग नुसता हात वर. तीन महिन्यांनी ती दोन किलोमीटर न थांबता चालली तेव्हा सर रस्त्याच्या कडेला बसून दोन मिनिटं नुसते पाणी पीत राहिले. मग चढणी, मग दुडकी चाल, मग आठवड्यातून एकदा लांब फेरी. पहाटे उठून माझ्या डोळ्यांखाली काळं झालं, ते बघून सर म्हणाले, "तुझा आराम कमी पडतोय." अहो, कुणामुळे!

शर्यत करजणच्या पुढे शेतांमधून होती. वीस-वीसच्या दोन फेऱ्या. पहिल्या फेरीनंतर ठोके आठ मिनिटांत साठावर. मी नाचले, स्वतःहून. दुसऱ्या फेरीत ऊन चढलं, बाकीचे घोडे धुरळा उडवत पुढे गेले आणि सर आणि बिजली शेवटून दुसरे, पण आले. मी बादल्या ओतल्या, मानेवर, पायांवर, थोडं माझ्यावरही. नळी लागली. बासष्ट! कातडी चांगली, हिरड्या चांगल्या. राहिलं फक्त पळवून दाखवणं.

सर स्वतः लगाम धरून धावले, तीस मीटर जाऊन परत. डॉक्टर, एक तरुण गुजराती मुलगा, म्हणाला, "बराबर छे, सर. पास."

मी किंचाळले. सर मात्र तिथेच उभे. "फरी जुओ, पुन्हा बघ," ते म्हणाले.

"अरे सर, मने तो बराबर लागे छे."

"पुढचा उजवा पाय टेकते तेव्हा डोकं वर उचलतेय. पुन्हा पळवतो. नीट बघ."

"सर!" मी त्यांचा हातच धरला. "पास म्हणालाय ना तो! काय करताय? निखिलचं काय?"

"तिला दुखतंय, ऋचा."

पुन्हा पळवलं. आता डॉक्टरलाही दिसलं. त्यानं कागदावर काहीतरी खोडलं आणि खाली मान घालून "सॉरी" म्हणाला. मी सरांना काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. बावळट हा त्यातला सगळ्यात सभ्य शब्द. ते ऐकत होते आणि पायाला ओला फडका गुंडाळत होते.

फडका बांधून झाल्यावर त्यांनी तिथेच फोन लावला, स्पीकरवर, कारण हात चिखलाचे. कॅनडात मध्यरात्र उलटून गेली असणार. पहिल्याच रिंगला उचलला.

"निखिल, नाही झालं. तिकीट काढ."

"पडलात का?"

"नाही. तिचा पाय. ताण आलाय."

"डॉक्टरनं काढलं बाहेर?"

"त्याला दिसलं नव्हतं. मी दाखवलं."

मग, "बरी व्हायला किती दिवस?"

"महिनाभर आराम. मग पुन्हा पहिल्यापासून, नुसतं चालवणं. तीन महिने."

"म्हणजे चार." निखिलनं हिशोब केला. "मग ते होऊ दे ना, बाबा. तिला असं टाकून कुठे येताय तुम्ही?"

सरांनी चिखलाचे हात पँटला पुसले. फोन माझ्या हातात कोंबला. "तू बोल. मला इथे रेंज येत नाहीये." आणि ते बिजलीच्या पलीकडच्या बाजूला गेले. मला तिच्या पोटाखालून फक्त त्यांचे बूट दिसत होते.

फोनला रेंज पूर्ण होती.

"हॅलो? बाबा?" निखिल विचारत होता.

"सर जरा कामात आहेत," मी म्हटलं.