पडद्यावरची बादली

ज्या वर्षी भूमच्या बाजूच्या विहिरींनी तळ दाखवला, त्या वर्षी आमच्या महिला सहकारी प्लॅस्टिक उत्पादक संस्थेनं दुष्काळावर उपाय म्हणून बादली काढायचं ठरवलं. विचार रास्त होता. टँकर वेशीपर्यंतच यायचा आणि तिथून घरापर्यंत लोखंडी बादली रिकामीसुद्धा जड. शेजारच्या चांगुणाचा खांदा तर पार उतरला होता. तिची दुसरी खेप झाली नाही, तर तिची गाभण म्हैस तहानलेली राहायची.

"सरुकाकू, तेवढी हलकी बादली निघू द्या, म्हैस जगंल," ती मला म्हणायची.

संस्थेच्या अध्यक्ष तुळजाबाई. त्या सही करत. बाकीचं सगळं त्यांचे यजमान आण्णासाहेब 'मार्गदर्शक' या नात्यानं करत.

बादलीला साचा लागतो. वितळलेलं प्लॅस्टिक दाबानं आत सोडायचं, निवलं की बादली ओढून काढायची. असा साचा लोक कागदावर आखतात. पण आण्णासाहेब पुण्याला प्रदर्शन बघून आले होते. साचा कॉम्प्युटरवरच आखावा, असा ठराव झाला. कॉम्प्युटर आला, त्याच्यासोबत सोलापूरचा इंजिनिअर विरुपाक्ष आला. त्यानं आल्या आल्या सांगितलं, "याला धूळ चालत नाही, उकाडा चालत नाही. चपला बाहेर काढाव्या लागतील."

चपला बाहेर म्हटल्यावर बायकांनी नारळही आणला. महादेवाच्या पिंडीवर पाणी घातल्याशिवाय मी घास घेत नाही, हे गावाला ठाऊक. तेव्हा खोलीचं सोवळं संस्थेनं माझ्याकडे सोपवलं. उदबत्ती मात्र विरुपाक्षनं विझवायला लावली. धुराचा यंत्राला त्रास होतो म्हणाला. महादेवानं तसं कधी कळवलं नव्हतं.

उकाड्यासाठी कूलर आला आणि कूलरला पाणी लागतं. दुष्काळ निवारणाच्या कामास अग्रक्रम, असा ठराव होऊन टँकर आधी संस्थेच्या दारात थांबू लागला. गावाला उरलंसुरलं. मी महादेवाला पळीभर पाण्यावर आणलं. त्यानं कुरकुर केली नाही. कूलर मात्र जरा कोरडा पडला की घरघर करायचा. तो भरायचं काम चांगुणाला मिळालं. त्याच्याखाली ठिबकणारं पाणी म्हशीसाठी न्यायची तिला लेखी परवानगी होती.

बादली पडद्यावर लवकरच उभी राहिली. हिरव्या रेघांची, निमुळती, देखणी. विरुपाक्षनं कळ दाबली की सावकाश गोल फिरायची. चांगुणा हात जोडून बघत राहिली.

"दादा, हातात कवा येणार?"

"समितीनं मंजूर केली की."

समिती मंजूर करीना. कागदावर खाडाखोड दिसते, म्हणून माणूस जरा दबकून सूचना करतो. पडद्यावर खोडलेलं दिसतच नाही. कड जाड करा, कडी रुंद करा, संस्थेचं नाव पोटावर उठून दिसू द्या, नावाच्या वर मार्गदर्शकांचं येऊ द्या. बैठकीगणिक कूलर भरावा लागे. एकदा आण्णासाहेबांनी तळावर बोट ठेवलं.

"हे खाली एवढं अरुंद कशापायी? वरच्याला जास्त आन् खालच्याला कमी, हे सहकारात चालायचं न्हाय. वर-खाली सारखं करा."

"साहेब, निमुळती नसली तर बादली साच्यातून सुटणार नाही. आतच अडकून बसेल."

"बसू द्या की. आधी ठराव तर बाहेर पडू द्या."

ठराव एकमतानं बाहेर पडला.

मग तालुक्याहून साहेब पाहणीला आले. बूट काढून आत गेले, गार वाऱ्यात खुर्चीवर टेकले. वर-खाली सारखी बादली त्यांच्यापुढं फिरली. "वा," साहेब म्हणाले. बाहेर चांगुणा उभी होती.

"साहेब, गावात प्यायला पाणी न्हाय ओ."

साहेबांनी मऊ आवाजात समजावलं, "बाई, ज्या गावात वाऱ्यालासुद्धा पाणी पाजतात, तिथं टंचाई म्हणायची कशी?"

अहवाल तसाच गेला. गावी बादल्यांची सोय झालेली, पाणी मुबलक, सबब टँकर बंद. टँकर बंद म्हणून कूलर बंद, कूलर बंद म्हणून कॉम्प्युटर बंद. ठिबकणंही थांबलं. चांगुणानं म्हैस भूमच्या बाजारात नेली. परत आली तेव्हा हातात नुसतं दावं होतं. ते तिनं लोखंडी बादलीच्या कडीला बांधलं आणि गावाच्या आटलेल्या विहिरीचा गाळ उपसायला गेली.

खोली तशीच आहे. तिच्या दारावरून जाताना बायका अजून चपला काढतात. आपण या बाजूला आलात तर दर्शनाला जरूर या; पाहुणे आले की आण्णासाहेब कौतुकानं कुलूप काढतात. बादली फिरू लागली की आपणही "वा" म्हणाल. आजवर न म्हणता कुणी गेलेलं नाही. फक्त कूलर भरल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही, तेव्हा पाणी सोबत आणावं.

बादली आपल्या घरचीच आणा.