ग्रॅमभरही जास्त नको

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले खांबेटेकाका शर्टाच्या खिशात वजनकाटा ठेवतात. सोनाराकडे असतो तसला, तळहाताएवढा. संक्रांतीला मी तिळगूळ दिला, तर त्यांनी तो आधी काट्यावर ठेवला, मान डोलावली आणि मगच तोंडात टाकला. भाचीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो तर तीही तोलली. "पत्रिका जड आहे," म्हणाले, "मुलाकडचे डोक्यावर बसणार." माझ्या शेजारी मेहुणे उभे, म्हणजे मुलीचा बाप. कुठे तोंड लपवू असं मला झालं.

दिल्लीतल्या द्वारकेच्या या सोसायटीत आमची दहा-बारा मराठी घरं. त्यात काका सगळ्यांत वडीलधारे. केंद्र सरकारच्या नोकरीत फायली हलवत जन्म गेला, मग निवृत्ती, मग काकूंचं जाणं. आणि काकू गेल्यानंतर त्या रिकाम्या घरात शिरलं ते हेलिकॉप्टर.

हेलिकॉप्टर म्हणजे ओंजळीत मावेल एवढं, रिमोटवर चालणारं आणि सुटे भाग आणून स्वतः जुळवलेलं. बाहेर उडवायची सोय नाही. विमानतळ हाकेच्या अंतरावर, त्यामुळे परवानगी नाही. गच्चीवरून पतंगापेक्षा जास्त काही उडालं की आमचा गार्ड पोलिसांना फोन लावायला तयार. म्हणून ते काकांच्या हॉलमध्ये उडतं, पंखा बंद करून. दिल्लीच्या मे महिन्यात, पंखा बंद करून. एकदा बघायला गेलेला माणूस पुन्हा त्या दाराकडे फिरकत नाही. मी जातो, कारण माझं दार समोरच आहे आणि पळायला जागा नाही.

एकदा मी सहज म्हणालो, "काका, मोठी बॅटरी लावा की. जास्त वेळ उडेल."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी श्रीखंडात लसूण घातला. "सुधीर, मोठी बॅटरी म्हणजे जास्त वजन. ते उचलायला मोठी मोटर. मोटरला आणखी मोठी बॅटरी. हे काय सरकारी खातं आहे? साहेबाला शिपाई, शिपायाला हाताखाली माणूस, आणि काम जागच्या जागी. ग्रॅमभरही जास्त नको."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. त्यापायी त्यांनी बॅटरीवरचं लेबल सोललं, वायरी आखूड केल्या, स्क्रूंची डोकी घासली. एकदा मला वाटलं, आता मिशी काढतील.

बॅटरी आणायला ते मला लाजपतराय मार्केटला घेऊन जातात. 'घेऊन जातात' म्हणजे सामान धरायला. तिथे काउंटरवर काटा मांडून ते एकेक बॅटरी तोलतात, उलटीसुलटी करून कुठे फुगली आहे का बघतात आणि वासही घेतात. मागे गिऱ्हाइकांची रांग. लोक मला त्यांच्या घरचा समजून हसतात आणि मी भिंतीवरच्या केबल्स मोजतो.

"अंकल, सोना खरीद रहे हो क्या?" मागच्या खेपेला दुकानदाराने विचारलं.

"सोना होता तो इतना नहीं तौलता," काका म्हणाले.

मग त्यांनी जायरो मागितला. जायरो म्हणजे हेलिकॉप्टर डगमगलं की त्याला सावरून धरणारी चिप. दुकानदाराने नखाएवढी, हलकीफुलकी चिप पुढे केली. काकांना ती नको होती. त्यांना मोठी हवी होती, चालवणाऱ्याची चूकही पोटात घालणारी. मी काट्याकडे पाहिलं. ही चांगली दोन-तीन ग्रॅम जास्त भरत होती. अर्ध्या ग्रॅमसाठी लेबल सोलणारा हा माणूस, आणि इथे उदार?

दुकानदारही म्हणाला, "इतने छोटे में ये छोटावाला काफी है अंकल. बस, हाथ स्टेडी रखो."

काकांचा चेहरा एकदम उतरला. "हाथ की बात मत करो," ते म्हणाले आणि त्यांनी पैसे मला द्यायला लावले. स्वतःचे हात खिशात घातले ते मेट्रोत बसेपर्यंत काढले नाहीत. मी मनात म्हटलं, म्हातारा चक्रमच आहे.

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. कुणाच्याही घरी चहा घ्यायचा नाही. "चहा सोडलाय." हळदीकुंकवाला सोडायला आलेले पुरुष खाली चहा पीत उभे राहतात, तिथेही काका हात मागे बांधून. कुलकर्णीवहिनींचं मत ठरलेलं, "शिष्ट आहेत. आपला चहा त्यांना कुठला चालायला." आणि मला तर रोज सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातून आल्याच्या चहाचा वास यायचा.

यंदा गणपतीच्या मंडळाचा सेक्रेटरी मी. पहिली आरती वडीलधाऱ्याच्या हातून, अशी आमची रीत. काकांनी परस्पर निरोप पाठवला: आरती दुसऱ्या कुणाला द्या, मी हेलिकॉप्टरने बाप्पाला दूर्वा वाहीन. मीटिंगमध्ये सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. मग ग्रुपवर टाकून मोकळा झालो, की पहिली आरती खांबेटेकाका करतील. आणि ते सांगायला त्यांच्याकडे गेलो.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत काका टेबलाशी बसले होते, समोर चहा. कप उचलला नव्हता. दोन्ही हातांनी टेबलावरच दाबून धरला होता आणि मान खाली वाकवून, लहान मुलासारखं, ते त्याला तोंड लावत होते. तरी कप बशीवर खडखडत होता.

मी परत फिरायला हवं होतं. पण तोंडातून निघून गेलं, "चहा सोडलाय ना काका?"

त्यांनी हात टेबलाखाली घेतले. कान लाल झाले होते. "चारचौघांत सोडलाय," ते म्हणाले. "दार वाजवायची पद्धत असते."

मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. मग त्यांनीच रिमोट उचलला. त्यांचे अंगठे त्या दांड्यांवर थडथड उडत होते. हेलिकॉप्टर उठलं, ट्यूबलाइटच्या खाली आलं आणि जागच्या जागी उभं राहिलं. जराही हललं नाही.

"बघ," काका म्हणाले. "माझा हात याला कळत नाही. गोळ्या चालू आहेत, पण वयच झालं. एवढ्या लोकांसमोर ताट धरायचं आणि ते वाजत राहायचं, नको रे. मला लाज वाटते."

"पण पूर्वी तर तुम्हीच आरती करायचात."

"ती होती ना तेव्हा. हाताला हात लावायची." आणि मग, "कुलकर्णीबाईंना सांगू नकोस."

मी शब्द दिला. म्हटलं, आरतीचं मी बघतो.

पण मी कसला बघतोय. ग्रुपवरचा निरोप तसाच राहिला. चतुर्थीच्या संध्याकाळी कम्युनिटी हॉलमध्ये मी कापूर शोधत होतो, तेवढ्यात काका आले. खिशात हेलिकॉप्टर, इस्त्रीचा झब्बा. आणि कुलकर्णीवहिनींनी मोठ्या कौतुकाने पेटलेल्या निरांजनासकट ताट त्यांच्या हातात दिलं.

ताट वाजायला लागलं. आधी निरांजन, मग कुंकवाची कोयरी. लोकांनी टाळ हातात घेतले होते, ते तसेच राहिले. एक पोरगं हसलं. काका कुणाकडे बघत नव्हते. ते नुसते ताटाकडे बघत होते, आणि तूप कडेला आलं होतं.

मी कापूर शोधायचं सोडून पुढे घुसलो आणि त्यांच्या कोपराखाली हात घातला, घट्ट. "काकांच्या हाताला हात लावा सगळ्यांनी," मी ओरडलो. "पहिली आरती आहे, सगळ्यांची आहे."

आता ही काही नवी गोष्ट नव्हे. घरोघरी पूजेला असंच चालतं. वहिनींनी माझ्या मनगटाला हात लावला, त्यांच्या यजमानांनी त्यांच्या खांद्याला, मागे पोरं चिकटली. ताट वाजायचं थांबलं. आरती सुरू झाली. काका खणखणीत आवाजात म्हणत होते, एकही कडवं न चुकता.

आरती संपली, लोक प्रसादाकडे वळले. ताट मी खाली ठेवलं, पण माझा दुसरा हात अजून त्यांच्या कोपराखालीच होता.

"काढ आता," काका पुटपुटले. "फार वजन आहे तुझ्या हाताचं."

मी हात काढला. ते बाप्पाकडे बघत होते.

"तिचा हलका होता," म्हणाले.