सासरेबुवांची दुर्बीण

लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं, आणि टोबिनचे होणारे सासरे त्याच्याशी अजून तीन शब्दांच्या वर बोलले नव्हते. "आलास? बस मग." "कॉफी घेणार का?" आणि एकदा त्याची गाडी बर्फात रुतली तेव्हा, "मागे घे जरा." त्याचं नाव तर त्यांनी कधी घेतलंच नव्हतं. व्हर्लिन टोलेफसन उत्तर मिनेसोटातले जुने शिकारी, आणि टोबिन मिनीॲपोलिसमध्ये लोकांचे दात साफ करणारा. म्हणून शनिवारी सकाळी पेंटबॉलच्या, म्हणजे एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायच्या खेळाच्या मैदानावर त्यांनी न बोलता एक खोकं त्याच्या हातात ठेवलं, तेव्हा बिचाऱ्यानं ते छातीशीच धरलं.

खोक्यात बंदुकीवर बसवायची दुर्बीण होती. आतल्या काचेत लाल ठिपका दिसतो, तो समोरच्यावर ठेवायचा आणि चाप ओढायचा, असा तिचा हिशोब. व्हर्लिननी आपल्याही बंदुकीला तसलीच दुर्बीण लावली होती.

"नेम चुकायचा नाही," ते म्हणाले.

पुन्हा तीनच शब्द, पण टोबिनला ते लग्नाच्या भाषणासारखे वाटले. पाठोपाठ त्यांनी स्वतःसारखीच शिकारीतली एक भडक नारिंगी बंडीही त्याच्या अंगात चढवली. चाळीस वर्षांची सवय. जंगलात ही बंडी घातली की दुरून माणूस ओळखू येतो आणि कुणी चुकून गोळी घालत नाही. इथे लोक मुद्दाम गोळ्या घालायला आले होते, एवढं मात्र त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

खेळाची पंच मारिसोल नावाची मुलगी होती. टोबिनची बंदूक बघून ती थबकली.

"पहिल्यांदाच खेळताय ना? मग हे काढून ठेवा."

"का हो?"

"नवशिक्याला दुर्बिणीचा काही उपयोग नाही. तोंडावर मुखवटा, त्यामुळे डोळा तिथवर पोचतच नाही. त्यात बंदुकीवरचं हे गोळ्यांचं भांडं मध्ये येतं. दोन्ही डोळे उघडे ठेवा, आपला रंग कुठे पडतोय ते बघा आणि हात सरकवत न्या. बागेत पाइपनं पाणी घालता ना, तसं."

टोबिनने वळून पाहिलं. दहा पावलांवर व्हर्लिन आपल्या दुर्बिणीची काच शर्टाच्या टोकाने पुसत होते.

"असू दे," टोबिन म्हणाला. "छान आहे."

तिकडच्या घरांत कुणी प्रेमानं वाढलेलं हॉटडिश, म्हणजे खिमा-बटाट्याचा भाजलेला गिच्च गोळा, घशाखाली उतरत नसलं, तरी ताट दुसऱ्यांदा पुढे करायची रीत आहे. दोन वर्षांत टोबिन निदान तेवढं शिकला होता.

टोबिन आणि सासरे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला त्याची वाग्दत्त वधू सिग्ने आणि तिचा ड्वेनकाका. पहिल्या डावात टोबिन मैदानातल्या एका पिंपाआड बसला आणि दुर्बिणीला डोळा लावायला गेला, तर मुखवटा टक्कन आपटला. त्यानं मान वाकडी केली. मग आणखी वाकडी केली. मान जवळजवळ खांद्यावर टेकली तेव्हा कुठे काचेचा कोपरा दिसला, आणि त्याच क्षणी ड्वेनकाकाची निळी गोळी त्याच्या मुखवट्याच्या कानावर फुटली.

बाद झालेल्यांचा एक लांब बाक होता. त्यावर व्हर्लिन आधीच येऊन बसले होते. त्यांची बंडी छातीपासून पोटापर्यंत निळी झाली होती.

"दुर्बीण कशी वाटली?"

"फारच छान," टोबिन म्हणाला. "तुमची?"

"एकदम झकास आहे."

मुखवट्याची अडचण टोबिनने हळूच मारिसोलला सांगितली. तिनं सुस्कारा सोडून दुर्बिणीखाली बसवायचा उंच ठोकळा आणून दिला. आता डोळा काचेपर्यंत पोचत होता. फक्त दुर्बीण बंदुकीच्या चार बोटं वर गेल्यामुळे तिच्यातून बघायला अख्खं डोकं पिंपाच्या वर काढावं लागे. ते नारिंगी बंडीवरचं डोकं दिसायचा अवकाश, की रंगाची बरसात होई. दुसऱ्या डावात सिग्नेने त्याला कपाळावर टिपलं. बाकावर येऊन बघतो तर शेजारी व्हर्लिन, आणि त्यांच्याही दुर्बिणीखाली तसाच ठोकळा.

ड्वेनकाका पाणी प्यायला येऊन टपकला. "काय रे व्हर्लिन, एक तरी लागली का? तुझ्या जंगलातली हरणं म्हातारी होऊन मरतात म्हणे. गेल्या नोव्हेंबरातही हात हलवत परत आलास."

"वारा वाईट होता," व्हर्लिन म्हणाले.

"दर वर्षी तुझ्यापुरताच वाईट असतो बघ," असं म्हणून ड्वेनकाका हसत निघून गेला. व्हर्लिन बुटांकडे बघत राहिले. टोबिनला फार वाईट वाटलं. निदान आज तरी हा माणूस जिंकला पाहिजे, असं त्यानं ठरवून टाकलं.

आणि शेवटच्या डावात नशिबानं साथ दिली. ड्वेनकाका आपल्याच बुटाच्या नाडीत अडकून आडोशाबाहेर पडला, आणि कुणाची तरी भरकटलेली गोळी त्याच्या पाठीवर फुटली. उरली एकटी सिग्ने. ती वीस पावलांवर उघड्यावर उभी होती, आणि तिच्या बंदुकीत गोळी अडकली होती. सासरा आणि जावई खांद्याला खांदा लावून उठले आणि दोघांनी दुर्बिणीला डोळा लावला.

दोन्ही काचांवर बोटभर रंग साचला होता.

"दिसते का रे?" व्हर्लिन पुटपुटले.

"ठिपका दिसतोय."

"मलाही ठिपकाच दिसतोय."

दुर्बिणीवरून डोळा काढून नुसतं समोर बघितलं असतं तर टोबिनला तिच्या बुटांची नाडीसुद्धा दिसली असती. पण सासरे शेजारीच होते, त्यांच्यादेखत त्यांची भेट कशी झिडकारायची? तिकडे सिग्नेने बंदूक उघडली, गोळी काढली, पुसली, पुन्हा बसवली. मग माणुसकी म्हणून थोडी थांबली. तरी काही होईना, तेव्हा तिनं दोघांना एकेक गोळी घातली.

"सकाळीच सांगितलं होतं ना दोघांना," मारिसोल शिट्टी वाजवून म्हणाली. "काढून ठेवा म्हणून."

"दोघांना?" टोबिनने विचारलं.

दोघे बाकावर येऊन बसले. मग व्हर्लिननी मुखवटा काढला.

"मीच दिली आणि मीच काढून ठेवली, तर तुला काय वाटलं असतं," ते म्हणाले. "म्हणून लावूनच ठेवली. काही म्हणजे काही दिसत नव्हतं."

"मलाही," टोबिन म्हणाला. "सकाळपासून."

व्हर्लिन घशातल्या घशात हसले. मग इकडेतिकडे बघून त्याच्याजवळ सरकले.

"नोव्हेंबरात माझ्याबरोबर मचाणावर येशील? तिथली दुर्बीण चांगली आहे, सगळं स्पष्ट दिसतं. तेच तर झालंय. अकरा वर्षांपूर्वी एक हरिणी आली, मागे पाडस. मी दुर्बिणीतून बघत बसलो. त्यांच्या पापण्यासुद्धा दिसत होत्या. चाप ओढायचं राहूनच गेलं. तेव्हापासून दर वर्षी जातो, सँडविच खातो, हरणं बघतो आणि घरी येतो. ड्वेनला कळलं तर माझं जगणं मुश्किल करील. तुला सांगितलंय, तुझ्यापाशीच ठेव."

टोबिन आणखी जवळ सरकला. त्यानं नुसती जोरजोरात मान हलवली.

तेवढ्यात सिग्ने आणि ड्वेनकाका हसत हसत समोर येऊन उभे राहिले.

"अगं, तुझे बाबा इतकं बोलतात?" ड्वेनकाकाने सिग्नेला विचारलं. मग टोबिनकडे वळला. "काय रे, वीस पावलांवरून दोघांनाही जमलं नाही? झालं तरी काय?"

टोबिनने एकवार सासऱ्यांकडे पाहिलं.

"वारा वाईट होता," तो म्हणाला.

व्हर्लिननी बंडीवरचा रंग झटकला आणि गंभीरपणे मान डोलावली.

"फारच वाईट, टोबिन."