थ्रॉसलडेनचा दातेरी शनी

नियम करणाऱ्यांनो, तुमच्यावरचा आरोप सरळ आहे : तुम्हाला आकाश कधी बघायचंच नव्हतं.

त्यात तुमचा दोष नाही म्हणा. आकाश ही मुळातच गैरसोयीची वस्तू. ते वर असतं, बघताना मान दुखते, आणि इंग्लंडातल्या यॉर्कशायरमध्ये ते बहुधा ढगांमागेच असतं. दुर्बीण मात्र खाली असते, हाताशी असते आणि रंगवता येते. सुज्ञाने कशाकडे लक्ष द्यावं, हे उघड आहे.

म्हणून थ्रॉसलडेन खगोल मंडळाने ठराव केला, की हिवाळ्यात सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या संध्याकाळी टेकडीवर फक्त 'स्टीमपंक' दुर्बिणी येतील. म्हणजे पणजोबांनी दुर्बीण वाफेवर चालवली असती तर ती जशी दिसली असती, तशा. (पणजोबांकडे दुर्बिणी होत्या. वाफही होती. दोन्ही एकत्र करण्याइतके ते रिकामे नव्हते.) कलम एक : प्रत्येक दुर्बिणीवर किमान बारा पितळी दातेरी चाकं. कलम दोन : फिरणाऱ्या प्रत्येक भागावर एक चाक हवंच. कलम तीन : सार्वजनिक सुरक्षिततेसाठी एकही चाक फिरता कामा नये.

क्लिफर्ड हेबलथ्वेट हा निवृत्त प्लंबर. त्याने दुर्बिणीचा आरसा स्वयंपाकघरात स्वतः घासला होता आणि सांडपाण्याच्या पाइपात बसवला होता. त्याची थोरली बहीण आयव्ही. तिचा एक डोळा गेलेला, दुसरा वसंतापर्यंत टिकला तर टिकला, असं डॉक्टर म्हणाले होते. तिचं मागणं एकच : "तो कडीवाला ग्रह एकदा दाखव रे. मग खुशाल अंधार होऊ दे." घराभोवती गिरणीच्या भिंती. शनी दिसायचा तो टेकडीवरूनच, आणि टेकडीच्या फाटकाची किल्ली मंडळाकडे.

अध्यक्ष डेस्मंड पिकल्स तपासणीला आले.

"क्लिफर्ड, गड्या, हा तर गटाराचा पाइप!"

"आतून शनी दिसतो, साहेब."

"आतून! अरे, आतून कोण बघतंय?"

क्लिफर्ड चिडला. चिडून त्याने एक तांब्याची नळी लावली. ती बरी दिसली. मग दुसरी लावली. आठवड्याभरात पाइपावर जुन्या न्हाणीघरांच्या तोट्या आल्या, चामडी पट्टे आले, शिट्टी आली, दाब मोजायचं घड्याळ आलं. (कशाचा दाब, ते कुणी विचारलं नाही. समितीचा असावा.) माणूस जेवता जेवता उठून पितळ घासू लागला.

"अजून एक तोटी लाव," आयव्ही म्हणाली, "म्हणजे मी त्यात आंघोळच करते."

सगळ्यांत देखणं चाक त्याने पाइपाच्या तोंडाशी, मधोमध बसवलं. उरलेलं एक चाक चित्र स्पष्ट करायच्या घुंडीवर चिकटवायचं होतं. तिथे तो अडला.

"साहेब, हे चिकटवलं तर घुंडी फिरणार नाही."

"म्हणजेच सुरक्षित!" पिकल्स म्हणाले.

खुल्या संध्याकाळी पाचलाच अंधार पडला आणि आकाश बेशरमपणे स्वच्छ निघालं. सगळे गॉगल लावून आले होते, अर्थात हॅटवर. (डोळ्यांवर लावला तर दिसत नाही.) दुर्बिणींबरोबर फोटो काढणारे : सर्व. दुर्बिणीतून बघणारे : एक. तीही वयामुळे, रीत ठाऊक नसलेली. आयव्हीने चांगला डोळा लावला. घुंडी जाम, चित्र फुगलेलं. समोर एक मोठी धुरकट चकती, आणि तिच्या मधोमध तोंडाशी बसवलेल्या चाकाची काळीशार सावली.

"क्लिफ! अरे, याला दात आहेत!"

पिकल्सनी वाकून बघितलं. अध्यक्षपदाच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच.

"चाक!" ते किंचाळले. "वर चाक आहे!"

मग काय विचारता! रांग लागली. मंगळ बघितला, तिथे चाक. व्याध बघितला, तिथे चाक. जिकडे नळी वळवावी तिकडे चाक! मंडळाने जागच्या जागी ठराव केला, की विश्व यंत्रावर चालतं, आणि कलम एकचं पालन करून चालतं. शिट्ट्या वाजल्या, बँड वाजला, एका हॅटमधून खरोखरची वाफ निघाली. क्लिफर्डच्या हातात चषक आला. त्याला खांद्यावर घेतलं, खाली ठेवलं, पुन्हा घेतलं.

शनी गिरणीच्या धुराड्याकडे उतरत होता. आयव्हीने क्लिफर्डची बाही ओढली.

"क्लिफ, खरं सांग. तो असाच असतो ना? एवढंच डोळ्यांत घेऊन जायचंय मला."

त्याच्या खिशात पाना होता. एक ठोका मारला असता तर घुंडीवर चिकटवलेलं चाक सुटलं असतं. घुंडीचा अर्धा फेरा, आणि कडी दिसली असती. पण हातात चषक होता, आणि सगळे बघत होते.

"असाच असतो, आयव्ही."

टाळ्या पडल्या. शनी धुराड्यामागे गेला.

वसंत आला. आयव्हीला आता काही दिसत नाही. ती दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला दातेरी शनीचं वर्णन सांगते, आणि लोक माना डोलावतात.

आणि वाचकहो, तुम्ही इतका वेळ खुशीत होता. बँड वाजत होता तेव्हा शनी उतरतोय, हे तुमच्यापैकी किती जणांच्या ध्यानात होतं? मग आता तिला खरं कोण सांगणार? समिती, क्लिफर्ड, की तुम्ही? माना डोलावू नका. उत्तर द्या.